दुसऱ्या महायुद्धातील युरोपीय तटस्थ राष्ट्रे : आक्रमणातून बचावण्याच्या कारणांचा तुलनात्मक अभ्यास

१. प्रस्तावना

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धाला प्रारंभ झाला. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलंड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंड, आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, युगोस्लाव्हिया अशा अनेक राष्ट्रांनी या युद्धात तटस्थ राहण्याची भूमिका घेतली. प्रत्यक्षात १९४१ च्या मध्यापर्यंत यांपैकी बहुतेक राष्ट्रे परकीय सैन्याच्या टाचेखाली आली होती. ९ एप्रिल १९४० रोजी डेन्मार्क व नॉर्वेवर, १० मे १९४० रोजी नेदरलंड्स, बेल्जियम व लक्झेंबर्गवर, २८ ऑक्टोबर १९४० रोजी ग्रीसवर आणि ६ एप्रिल १९४१ रोजी युगोस्लाव्हियावर आक्रमण झाले. अगदी लहान संस्थाने व बहुतांशी आशियात वसलेले तुर्कस्तान वगळता स्वित्झर्लंड, स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल आणि आयर्लंड ही पाचच राष्ट्रे युद्ध संपेपर्यंत आक्रमणापासून मुक्त राहिली.

महाविद्यालयीन अध्यापनात या पाच राष्ट्रांचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यापुरता येतो. ‘स्वित्झर्लंड तटस्थ होते म्हणून वाचले’ किंवा ‘डोंगराळ होते म्हणून वाचले’ ही त्याची प्रचलित स्पष्टीकरणे होत. पहिले स्पष्टीकरण टिकत नाही, कारण तटस्थ तर नॉर्वे आणि बेल्जियमही होते. दुसरेही टिकत नाही, कारण डोंगराळ प्रदेश नॉर्वे, ग्रीस व युगोस्लाव्हिया यांचाही होता. समान दर्जा असलेल्या राष्ट्रांच्या वाट्याला इतके भिन्न भवितव्य का आले, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे, गृहीतक व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) तटस्थतेच्या कायदेशीर संरक्षणाचे प्रत्यक्ष मूल्य तपासणे, (आ) आक्रमण झालेल्या व न झालेल्या तटस्थ राष्ट्रांची तुलना करून बचावाची कारणे निश्चित करणे, (इ) या बचावासाठी संबंधित राष्ट्रांनी कोणती किंमत मोजली, याचा विचार करणे.

तटस्थ राष्ट्राचे अस्तित्व त्याच्या घोषणेवर अवलंबून नव्हते. आक्रमणातून मिळणारा लाभ, त्यासाठी येणारा खर्च आणि त्या राष्ट्राला तटस्थ राहू दिल्याने मिळणारा फायदा या तीन गोष्टींचा युद्धमान राष्ट्रे जो ताळमेळ घालत, त्यावर ते अवलंबून होते, हे येथे गृहीतक मानले आहे. अभ्यासाची पद्धत ऐतिहासिक व तुलनात्मक आहे. वरील पाच राष्ट्रांपैकी पोर्तुगालच्या सागरापलीकडील वसाहतींचाही विचार केला आहे, कारण एकाच राष्ट्राच्या एकाच तटस्थतेला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी फळे कशी आली, हे तेथे स्पष्टपणे दिसते.

३. तटस्थता : कायदा आणि व्यवहार

तटस्थता व अलिप्तता या दोन संज्ञांत भेद करणे प्रारंभीच आवश्यक आहे. तटस्थता ही युद्धकाळातील कायदेशीर अवस्था आहे, तर अलिप्तता हे शांततेच्या काळातही अनुसरले जाणारे परराष्ट्र धोरण आहे. १८ ऑक्टोबर १९०७ च्या हेग करारांनी तटस्थांचे हक्क व कर्तव्ये निश्चित केली. तटस्थ राष्ट्राची भूमी अनुल्लंघनीय आहे आणि युद्धमान राष्ट्रांनी त्या भूमीतून सैन्य अथवा युद्धसामग्री नेऊ नये, असे या करारांत म्हटले होते. उलटपक्षी, तटस्थ राष्ट्रानेही आपल्या भूमीचा असा वापर होऊ देता कामा नये, हे त्याचे कर्तव्य ठरले.

हा कायदा कितपत उपयोगी पडला, हे बेल्जियमच्या अनुभवावरून दिसते. बेल्जियमच्या तटस्थतेला १८३९ च्या लंडन तहाने युरोपातील बड्या सत्तांची सामूहिक हमी होती, तरीही ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य त्या देशात शिरले. १९३६ मध्ये बेल्जियमने पुन्हा स्वतंत्र, गटनिरपेक्ष भूमिका घेतली. १९३७ मध्ये जर्मनीने त्याच्या अखंडतेची ग्वाहीही दिली. ती तीन वर्षेही टिकली नाही. लक्झेंबर्गची तटस्थता १८६७ पासून आंतरराष्ट्रीय हमीखाली होती आणि दोन्ही महायुद्धांत ती तुडवली गेली.

डेन्मार्कचे उदाहरण अधिक बोलके आहे. ३१ मे १९३९ रोजी डेन्मार्कने जर्मनीशी अनाक्रमण करार केला. तसाच प्रस्ताव स्वीडन व नॉर्वे यांनी नाकारला होता. करार करणारे डेन्मार्क वर्षभराच्या आत बळी पडले आणि करार नाकारणारे स्वीडन वाचले. करारनाकार हेही बचावाचे कारण नव्हते, हे नॉर्वेच्या उदाहरणावरून लगेच लक्षात येते. थोडक्यात, लेखी हमीचा आणि प्रत्यक्ष बचावाचा परस्परसंबंध प्रस्थापित होत नाही.

तटस्थतेचा भंग केवळ जर्मनीनेच केला असेही नाही. ८ एप्रिल १९४० रोजी ब्रिटनने नॉर्वेच्या सागरी हद्दीत सुरुंग पेरले, तर १० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्याने तटस्थ आइसलंड ताब्यात घेतले. आइसलंड व आयर्लंड ही दोन्ही अटलांटिकमधील बेटे. दोघांचीही भूमिका तटस्थतेची होती, परंतु पहिल्यावर ब्रिटिश सैन्य उतरले आणि दुसऱ्यावर उतरले नाही. याचा उलगडा कायद्याच्या ग्रंथांत सापडत नाही. त्यासाठी युद्धाच्या नकाशाकडे वळावे लागते.

४. आक्रमण झालेली राष्ट्रे : गरजेचा नकाशा

ज्या तटस्थ राष्ट्रांवर आक्रमण झाले, त्यांच्याशी आक्रमकाचे स्वतंत्र वैर क्वचितच होते. ती कोणत्या तरी अन्य उद्दिष्टाच्या वाटेवर होती. स्वीडनच्या उत्तर भागातील लोहखनिज हिवाळ्यात बाल्टिक समुद्र गोठल्यावर नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीकडे जात असे. हा मार्ग तोडावा ही ब्रिटनची इच्छा, तर तो राखावा ही जर्मनीची गरज होती. शिवाय नॉर्वेचा लांब किनारा जर्मन आरमाराला अटलांटिकचे दार उघडून देणारा होता. नॉर्वेकडे जाण्यासाठी उत्तर डेन्मार्कमधील विमानतळ हवे होते, म्हणून डेन्मार्क गेले. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील तटबंदी टाळण्यासाठी बेल्जियम व लक्झेंबर्गमधून जाणे आवश्यक होते, म्हणून ती गेली.

नेदरलंड्सच्या बाबतीत दोन महायुद्धांची तुलना विशेष उद्बोधक ठरते. पहिल्या महायुद्धापूर्वी आखलेल्या जर्मन योजनेत डच लिम्बर्ग प्रांतातून सैन्य नेण्याची कल्पना होती. सेनाप्रमुख धाकटे मोल्टके यांनी ती वगळली. नेदरलंड्स तटस्थ राहिल्यास ब्रिटिश नाकेबंदीच्या काळात त्याच्या बंदरांतून जर्मनीला बाह्य जगाशी व्यापार करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. १९१४ मध्ये नेदरलंड्स वाचले ते या हिशेबामुळे. १९४० पर्यंत युद्धतंत्र बदलले होते. डच विमानतळ ब्रिटनच्या हाती पडल्यास रूहर औद्योगिक प्रदेश धोक्यात येईल आणि ते जर्मनीच्या हाती आल्यास ब्रिटन टप्प्यात येईल, हा विचार प्रबळ ठरला. देश तोच होता, तटस्थताही तीच होती आणि शेजारीही तोच होता. केवळ त्या भूमीचे लष्करी मूल्य बदलले आणि निकाल उलटा लागला.

५. स्वित्झर्लंड : उपयुक्तता आणि ती नष्ट करण्याची सिद्धता

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, इटली युद्धात उतरले आणि स्वित्झर्लंड जवळजवळ सर्व बाजूंनी अक्षराष्ट्रांच्या कवेत सापडले. जर्मन लष्करी अधिकाऱ्यांनी स्वित्झर्लंडवरील आक्रमणाच्या योजना त्याच उन्हाळ्यात तयार केल्या. ‘टॅनेनबाउम’ या नावाने त्या ओळखल्या जातात. प्रत्यक्षात हे आक्रमण झाले नाही.

सुमारे ४२ लाख लोकवस्तीच्या या देशाने सप्टेंबर १९३९ मध्ये चार लाखांहून अधिक सैनिक उभे केले होते. २५ जुलै १९४० रोजी सरसेनापती आंरी गिझाँ यांनी र्‍यूटली येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र करून आल्प्समधील दुर्गप्रदेशात माघार घेऊन लढण्याचा संकल्प मांडला. या योजनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बहुसंख्य लोकवस्ती, शहरे व कारखाने पठारी प्रदेशात होते आणि योजनेनुसार तो प्रदेश शत्रूला सोडून द्यावा लागणार होता. मग या योजनेने रक्षण कशाचे होणार होते? गोथार्ड व सिंप्लॉन या आल्प्समधील रेल्वेमार्गांचे; किंबहुना, वेळ आल्यास त्यांच्या विध्वंसाची हमी त्यातून मिळणार होती. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मन कोळसा समुद्रमार्गे इटलीला पोहोचणे बंद झाल्यावर तो मोठ्या प्रमाणावर याच बोगद्यांतून जाऊ लागला होता. आक्रमण झाल्यास बोगदे व पूल उडवले जातील, ही शक्यता जर्मनीला नजरेआड करता येत नव्हती.

स्वित्झर्लंडचा उपयोग रेल्वेपुरता नव्हता. यंत्रे, घड्याळाच्या तंत्रावर आधारित सूक्ष्म उपकरणे व शस्त्रास्त्रे तेथून जर्मनीला मिळत. स्विस फ्रँक हे जगभर स्वीकारले जाणारे चलन होते. जर्मनीला तटस्थ देशांतून कच्चा माल घेण्यासाठी त्याची गरज होती. स्विस राष्ट्रीय बँकेने युद्धकाळात जर्मन मध्यवर्ती बँकेकडून सुमारे १.२ अब्ज फ्रँक किमतीचे सोने विकत घेतले. त्यातील मोठा भाग व्याप्त देशांतून लुटलेला होता. याच काळात स्वित्झर्लंड चाळीसहून अधिक राष्ट्रांचे हितसंबंध शत्रुराष्ट्रांत सांभाळत होते. युद्धकैद्यांचा पत्रव्यवहार व तपास यांसाठी जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती दोन्ही पक्षांना आवश्यक होती.

स्वित्झर्लंड सैन्यामुळे वाचले की व्यापारामुळे, असा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालत आला आहे. वस्तुतः ही दोन कारणे परस्परांपासून अलग करता येत नाहीत. जर्मनीला जे हवे होते ते आक्रमणाशिवाय मिळत होते आणि आक्रमण केल्यास तेच नष्ट होणार होते. केवळ व्यापार असता तर तो बळाने हिसकावता आला असता. केवळ सैन्य असते तर पोलंडप्रमाणे ते चिरडता आले असते. उपयुक्तता आणि ती नष्ट करण्याची सिद्धता या दोहोंच्या संयोगातून बचाव साधला. १९४१ च्या जूनपासून रशियन आघाडीने जर्मन सैन्य शोषून घेतले आणि आक्रमणाची शक्यता आणखी मावळली.

६. स्वीडन : सवलतींची मर्यादा

स्वीडन जर्मनीला दरवर्षी सुमारे एक कोटी टन लोहखनिज पुरवीत होते. बॉल बेअरिंगसारखी, रणगाडे व विमानांच्या उत्पादनास आवश्यक असलेली वस्तूही तेथून जात असे. एप्रिल १९४० नंतर नॉर्वे जर्मनीच्या हाती गेल्यामुळे खनिजाचे दोन्ही मार्ग सुरक्षित झाले. स्वीडन जिंकून जर्मनीला आणखी काही मिळण्यासारखे उरले नव्हते. उलट, खाणी व विद्युतकेंद्रे यांच्या विध्वंसाचा धोका मात्र होता.

पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन यांच्या शासनाने याखेरीज थेट सवलतीही दिल्या. जुलै १९४० च्या करारानुसार नॉर्वेतून रजेवर जाणाऱ्या व परतणाऱ्या जर्मन सैनिकांना स्वीडिश रेल्वेने प्रवास करू देण्यात आला. १९४३ पर्यंत अशा सैनिक-फेऱ्यांची संख्या वीस लाखांहून अधिक झाली. जून १९४१ मध्ये जर्मनीची १६३ वी पायदळ डिव्हिजन शस्त्रांसह नॉर्वेतून फिनलंडकडे स्वीडनमार्गे गेली. हेग कराराच्या दृष्टीने हा तटस्थतेचा उघड भंग होता. तटस्थता राखण्यासाठी तटस्थतेच्याच नियमाला मुरड घालावी लागावी, हा या काळातील अंतर्विरोध होय.

मात्र सवलतींचा ओघ एकाच दिशेने राहिला नाही. स्वीडनने आपली संरक्षण सिद्धता वाढवली आणि स्टालिनग्राडनंतर युद्धाचे पारडे फिरताच ऑगस्ट १९४३ मध्ये सैनिकी वाहतूक बंद केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यूंना स्वीडनने आश्रय दिला. नॉर्वेतून आलेल्या निर्वासितांना ‘पोलीस’ या नावाखाली लष्करी प्रशिक्षणही देण्यात आले. १९४४ च्या अखेरीस दोस्तांच्या दडपणाखाली जर्मनीशी होणारा महत्त्वाचा व्यापार आटोपता घेण्यात आला.

७. आयर्लंड व स्पेन : गरज टळली, किंमत परवडली नाही

आयर्लंडच्या तटस्थतेला तत्कालीन ब्रिटिश शासनाचा तीव्र विरोध होता. १९३८ मध्ये ब्रिटनने कोव्ह, बेअरहेवन व लॉख स्विली ही बंदरे आयर्लंडला परत केली होती आणि अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धात त्यांची उणीव जाणवत होती. जून १९४० मध्ये आयर्लंडच्या एकीकरणाचे आश्वासन देऊन त्याला युद्धात ओढण्याचा प्रयत्न झाला. पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांनी तो स्वीकारला नाही. तरीही ब्रिटनने बळाचा वापर केला नाही, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनच्याच ताब्यात होते आणि लंडनडेरीसारखे तळ तेथे उपलब्ध होते. आइसलंडच्या बाबतीत असा पर्याय नव्हता. जर्मनीला तर आयर्लंडपर्यंत पोहोचण्यापूर्वी ब्रिटिश आरमाराला ओलांडावे लागले असते. आयर्लंडने पडद्याआड ब्रिटनशी गुप्तवार्ता व हवामानविषयक सहकार्य केले. जून १९४४ मधील नॉर्मंडी मोहिमेचा दिवस ठरवताना आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅकसॉड येथील हवामान नोंदी उपयोगी पडल्या.

स्पेनची स्थिती याहून वेगळी होती. यादवी युद्धात जर्मनी व इटली यांच्या मदतीने सत्तेवर आलेल्या फ्रँकोने १२ जून १९४० रोजी तटस्थता सोडून ‘अयुद्धमान’ ही भूमिका जाहीर केली. २३ ऑक्टोबर १९४० रोजी हेंडाये येथे हिटलर व फ्रँको यांची भेट झाली. युद्धप्रवेशाच्या बदल्यात फ्रँकोने उत्तर आफ्रिकेतील फ्रेंच प्रदेश, धान्य, इंधन व शस्त्रे मागितली. फ्रेंच प्रदेश दिल्यास व्हिशी फ्रान्स दुरावेल आणि स्पेनच्या गरजा भागवणे जर्मनीलाही झेपणारे नाही, अशी हिटलरची अडचण होती. जिब्राल्टर घेण्याची ‘फेलिक्स’ ही योजना त्यामुळे डिसेंबर १९४० मध्ये बारगळली. यादवीने उद्ध्वस्त झालेला, अन्नटंचाईने गांजलेला स्पेन मित्र म्हणून भार ठरणार होता आणि शत्रू म्हणून आणखी एक आघाडी उघडणार होता. दुसरीकडे ब्रिटन व अमेरिका यांनी धान्य व तेलाचा पुरवठा कमी-अधिक करून स्पेनची दोरी हातात ठेवली. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवताना रूझवेल्ट यांनी स्पेनला धोका नसल्याचे आश्वासन फ्रँकोला आवर्जून कळवले.

विचारसरणीतील जवळीक हे स्पेनच्या बचावाचे कारण मानणे मात्र योग्य नाही. ग्रीसमध्येही मेटाक्सासची हुकूमशाही होती, पण तिने ग्रीसला वाचवले नाही. नाझी वंशविचारात ‘समवंशीय’ मानल्या गेलेल्या डेन व नॉर्वेजियन लोकांनाही त्या नात्याचा लाभ झाला नाही. बचावलेल्या पाच राष्ट्रांपैकी तीन लोकशाहीवादी, तर दोन हुकूमशाहीखालील होती, ही बाबही या संदर्भात लक्षणीय आहे.

८. पोर्तुगाल व त्याच्या वसाहती : एक तटस्थता, अनेक निकाल

पोर्तुगालची इंग्लंडशी मैत्री १३७३ च्या तहापासूनची. तरीही १९३९ मध्ये त्याने युद्धात उतरावे असा ब्रिटनचा आग्रह नव्हता. उतरल्यास त्याच्या रक्षणाचा भार ब्रिटनवर पडला असता आणि स्पेन जर्मनीकडे ढकलला गेला असता. आंतोनियो सालाझार यांनी दोन्ही पक्षांना टंगस्टन विकले, लिस्बन बंदर सर्वांना खुले ठेवले आणि स्पेनशी मार्च १९३९ मध्ये केलेला मैत्री करार जुलै १९४० मध्ये दृढ केला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जुन्या तहाचा आधार घेऊन अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटनला दिले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सैन्य तेथे उतरले. जर्मनीने यावर निषेधापलीकडे काही केले नाही, कारण तेव्हा नवी आघाडी उघडण्याचे बळ तिच्यापाशी उरले नव्हते. हीच सवलत १९४० मध्ये दिली असती तर परिणाम वेगळा होण्याचा संभव होता. तटस्थाच्या धोरणात काय दिले याइतकेच केव्हा दिले याला महत्त्व होते.

लिस्बनची ही तटस्थता आशियातील वसाहतींत मात्र समानपणे लागू पडली नाही. पूर्व तिमोर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस मोक्याच्या जागी होते. जपान ते घेईल या भीतीने १७ डिसेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियन व डच सैन्य पोर्तुगालच्या संमतीविना तेथे उतरले. सालाझार यांनी निषेध नोंदवला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आले. त्यानंतरच्या व्याप्तीच्या काळात उपासमार, रोगराई व सूडसत्र यांत मृत्युमुखी पडलेल्या तिमोरी लोकांची संख्या चाळीस हजारांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव मात्र चहूबाजूंनी जपानी प्रभावाखाली असूनही व्यापले गेले नाही. हाँगकाँग हाती आल्यावर जपानला मकावची लष्करी गरज उरली नव्हती. तरीही जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी तेथे बाँबवर्षाव केलाच.

गोव्याचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानने वेढलेला हा प्रदेश ताब्यात घेणे ब्रिटनला लष्करीदृष्ट्या अवघड नव्हते. युद्धाच्या आरंभकाळापासून मुरगाव बंदरात एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन जहाज आश्रयाला होते. एहरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या स्वयंसेवी दलातील मध्यमवयीन सदस्य नागरी वेशात त्या जहाजावर चढले. झटापट झाली आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. या कारवाईची जबाबदारी ब्रिटनने अनेक दशके उघडपणे घेतली नाही. गोव्याच्या तटस्थतेचा भंग तर करावयाचा, परंतु तो नाकारता येईल अशा रीतीने, कारण लिस्बनची सदिच्छा आणि अझोर्सचे तळ मुरगावपेक्षा अधिक मोलाचे होते.

त्याच मुरगाव बंदरात ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका व जपान यांनी आपापल्या अडकून पडलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. ‘ग्रिप्सहोम’ या स्वीडिश जहाजातून आणि ‘तेइआ मारू’ या जपानी जहाजातून आलेल्या प्रत्येकी सुमारे दीड हजार लोकांनी येथे जहाजे बदलली. आदल्या वर्षी अशीच अदलाबदल पोर्तुगीज मोझांबिकमधील लोरेन्सो मार्केस येथे झाली होती. तटस्थ देशाचे जहाज आणि तटस्थ सत्तेचे बंदर नसते तर शत्रुराष्ट्रांना हा व्यवहार करणे अवघड झाले असते. ज्या बंदराच्या तटस्थतेचा मार्चमध्ये भंग झाला, तीच तटस्थता ऑक्टोबरमध्ये सर्वांच्या कामी आली.

९. बचावाची किंमत

बचावलेल्या राष्ट्रांनी दिलेली किंमत केवळ आर्थिक नव्हती आणि ती नेहमी त्यांनी स्वतःच भरली असेही नाही. स्वीडनच्या रेल्वेतून गेलेले सैनिक व्याप्त नॉर्वेवर जर्मनीची पकड कायम ठेवणारे होते. त्या सवलतीचा भार नॉर्वेजियन जनतेवर पडला. स्वित्झर्लंडने ऑगस्ट १९४२ मध्ये वंशभेदामुळे पळून येणाऱ्यांसाठी सीमा बंद केली. १९९६ मध्ये नेमलेल्या बर्जिए आयोगाच्या अभ्यासानुसार युद्धकाळात वीस हजारांहून अधिक निर्वासितांना सीमेवरून परत पाठवले गेले. या संख्येबद्दल पुढे मतभेद झाले असले तरी परत पाठवण्याच्या धोरणाबद्दल दुमत नाही. त्याच देशाने सुमारे २१ हजार ज्यू निर्वासितांना आश्रय दिला, हेही तितकेच खरे आहे. १९४६ च्या वॉशिंग्टन करारानुसार लुटीच्या सोन्यापोटी स्वित्झर्लंडने २५ कोटी फ्रँक दिले. स्पेनच्या ‘ब्लू डिव्हिजन’मधून सुमारे ४५ हजार सैनिक रशियन आघाडीवर लढून गेले. तिमोरमधील हजारो मृतांची गणना तर पोर्तुगालच्या ‘यशस्वी’ तटस्थतेच्या हिशेबात फारशी केली जात नाही.

यावरून या राष्ट्रांना भित्रे अथवा संधिसाधू ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील पर्याय मर्यादित होते आणि नकाराची किंमत काय असते, हे शेजारी दिसत होते. शिवाय तटस्थता टिकल्यामुळेच डॅनिश ज्यूंना आश्रय, युद्धकैद्यांना पत्रे व अडकलेल्या नागरिकांना सुटका मिळाली. इतिहासकाराने दोन्ही बाजू एकाच वेळी नोंदवणे हेच न्याय्य होय.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कायदेशीर घोषणा, आंतरराष्ट्रीय हमी अथवा अनाक्रमण करार यांनी कोणत्याही तटस्थ राष्ट्राला स्वतंत्रपणे वाचवले नाही. तथापि तटस्थतेच्या कायद्यामुळे सवलती मागण्याची व नाकारण्याची एक मान्य भाषा उपलब्ध झाली, हे त्याचे मर्यादित महत्त्व होय.

२) डोंगराळ भूगोल, बेटाचे स्थान, शासनप्रकार अथवा वैचारिक जवळीक यांपैकी कोणतेही एक कारण सर्व उदाहरणांना लागू पडत नाही. भूगोलाचा परिणाम झाला तो युद्धाच्या त्या वेळच्या गरजेच्या संदर्भात.

३) आक्रमणाविना मिळणारा लाभ आक्रमणाने मिळणाऱ्या लाभापेक्षा अधिक असणे, हे बचावाचे प्रमुख कारण होते. तो लाभ आक्रमकाच्या हाती पडण्यापूर्वी नष्ट करण्याची क्षमता असल्यास या कारणाला बळकटी येत असे. स्वित्झर्लंड व स्वीडन यांची उदाहरणे याची साक्ष देतात.

४) एप्रिल १९४० ते जून १९४१ हा सर्वाधिक धोक्याचा काळ होता. तो निभावून नेणाऱ्या राष्ट्रांना पुढे रशियन आघाडीमुळे उसंत मिळाली आणि १९४३ नंतर त्यांना सवलतींची दिशा बदलता आली.

५) तटस्थता अविभाज्य नव्हती. लिस्बन, अझोर्स, तिमोर, मकाव व गोवा यांच्या भिन्न अनुभवांवरून ती प्रत्येक भूभागाच्या लष्करी मूल्यानुसार पाळली अथवा मोडली गेली, असे दिसते.

या विषयाला वर्तमानकाळातही संदर्भ आहे. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर व्यापक आक्रमण केल्यानंतर फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी आणि स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी नाटो संघटनेत सामील झाले. सुमारे दोनशे वर्षे युद्धांपासून दूर राहिलेल्या स्वीडनने हा निर्णय घेताना कोणत्या अनुभवाला अधिक वजन दिले असेल, याचा शोध १९४० च्या नॉर्वेपासून सुरू करावा लागेल. तटस्थतेचा अभ्यास करताना बचावलेल्या पाच राष्ट्रांइतकाच न बचावलेल्या राष्ट्रांचा अभ्यास आवश्यक आहे. त्यांनाही तटस्थच राहावयाचे होते. त्यांच्या इच्छेत उणीव नव्हती, त्यांची भूमी मात्र दुसऱ्याच्या वाटेत होती.